स्तरित पदार्थांत व्होल्टेजने चुंबकीय तरंग निर्माण करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातील मराठी घरांत मुले विज्ञान हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात, आणि त्याविषयीची चर्चा मात्र रात्री जेवताना मराठीतून होते. त्या चर्चेत निघणारे आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून नेहमी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. बारावीपर्यंतचे विज्ञान वाचकाला ठाऊक आहे, असे गृहीत धरले आहे.

चुंबकीय तरंग म्हणजे नेमके काय?

लोखंडासारख्या चुंबकीय पदार्थात प्रत्येक अणू हा स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो आणि हे सूक्ष्म चुंबक आपापल्या शेजाऱ्यांशी इतके घट्ट बांधलेले असतात की, ते सर्व एकाच दिशेने उभे राहतात. त्यांपैकी एकाला थोडे कलते केले, तर तो आपल्या मूळ दिशेभोवती भोवऱ्याच्या अक्षासारखा फिरू लागतो, त्याच्यामुळे शेजारचा किंचित उशिराने फिरू लागतो आणि ही हालचाल पदार्थात पुढे सरकत जाते. अणू आपली जागा सोडत नाहीत. पुढे सरकतो तो फक्त कल. यालाच स्पिन तरंग म्हणतात आणि त्याच्या ऊर्जेच्या एका पुंजाला मॅग्नॉन. ही कल्पना फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये मांडली. तापमान वाढत गेले की लोहचुंबकाचे चुंबकत्व कशा प्रमाणात घटते, याचा हिशेब त्यांनी याच कल्पनेच्या आधाराने दिला होता.

मोबाइलचे विद्युतचुंबकीय तरंग आणि हे तरंग एकच का?

नाहीत. विद्युतचुंबकीय तरंग निर्वात पोकळीतूनही जातो. स्पिन तरंग चुंबकीय पदार्थाच्या बाहेर पाऊल टाकू शकत नाही. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. १० गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या विद्युतचुंबकीय तरंगाची हवेतील तरंगलांबी ३ सेंटिमीटर असते, तर त्याच कंप्रतेच्या स्पिन तरंगाची तरंगलांबी काही मायक्रोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत आणता येते. मायक्रोवेव्ह संदेशांवरचे काम चिपच्या आत, अतिशय लहान जागेत करता यावे, ही या विषयामागची सारी ओढ याच आकड्यांतून आलेली आहे.

आरोग्याला यापासून धोका किंवा लाभ आहे का?

दोन्ही नाही. १० गिगाहर्ट्झच्या एका मॅग्नॉनची ऊर्जा सुमारे ४१ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे खोलीच्या तापमानाला प्रत्येक अणूच्या वाट्याला सहज येणाऱ्या उष्माऊर्जेच्या शेकडो पटींनी कमी. “चुंबकीय लहरीं”च्या नावाने विकल्या जाणाऱ्या पट्ट्या आणि गाद्या यांचा या विषयाशी काही संबंध नाही.

तरंग उठवण्यासाठी व्होल्टेजच का हवे? विद्युतप्रवाहाने ते होत नाही का?

होते, आणि आजही बहुतेक प्रयोगशाळांत तसेच केले जाते. चुंबकीय पटलावर सोन्याची किंवा तांब्याची बारीक तार बसवून तिच्यातून मायक्रोवेव्ह प्रवाह सोडला की, तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र खालच्या चुंबकीकरणाला हलवते. या पद्धतीत दोन अडचणी आहेत. तारेच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते आणि तार जितकी बारीक करावी तितकी ती अधिक निर्माण होते. शिवाय चुंबकीय क्षेत्र तारेच्या कडेला थांबत नाही, बाजूला पसरते, त्यामुळे दाटीवाटीने बसवलेल्या उपकरणांत शेजाऱ्याला त्याचा उपद्रव होतो.

विद्युत क्षेत्र मात्र कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये बऱ्यापैकी बंदिस्त राहते आणि पट्ट्यांमध्ये निरोधक असल्याने सतत वाहणारा प्रवाह जवळजवळ नसतो. उदाहरणादाखल, १०० नॅनोमीटर बाजूचा चौरस गेट (ज्यावर व्होल्टेज लावतात ती वरची धातूची पट्टी) आणि त्याखाली १.५ नॅनोमीटर जाडीचे मॅग्नेशियम ऑक्साइड घेतले, तर त्याची धारिता सुमारे ०.६ फेम्टोफॅरड येते आणि १ व्होल्टला त्यात साठणारी ऊर्जा सुमारे ०.३ फेम्टोज्यूल भरते. हा आकडा खरोखर लहान आहे. तथापि, “व्होल्टेजला ऊर्जा लागतच नाही” असे जे काही ठिकाणी लिहिले जाते ते बरोबर नाही. गिगाहर्ट्झ कंप्रतेला हा कपॅसिटर सेकंदाला अब्जावधी वेळा भरतो आणि रिकामा होतो, तो भरण्यासाठीचा प्रवाह जोडणीच्या तारांतूनच जातो आणि तेथे काही उष्णता निर्माण होतेच. बचत मोठी आहे. मात्र ती फुकट मिळत नाही.

व्होल्टेज चुंबकत्वाला हात कसा लावते?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण पदार्थाप्रमाणे यंत्रणा बदलते.

सर्वांत अधिक अभ्यासली गेलेली यंत्रणा धातू आणि ऑक्साइड यांच्या सीमेवरची आहे. चुंबकीकरणाला स्फटिकातील किंवा पटलातील काही दिशा सोयीच्या आणि काही गैरसोयीच्या असतात. या दिशापसंतीला चुंबकीय अनिसोट्रॉपी म्हणतात. लोह आणि मॅग्नेशियम ऑक्साइड जेथे भेटतात तेथे ही पसंती प्रामुख्याने सीमेवरच्या लोहाच्या इलेक्ट्रॉनांवर ठरते. व्होल्टेज लावले की सीमेवर थोडा विद्युतभार जमतो किंवा तेथून हटतो, लोहाच्या वेगवेगळ्या ३डी कक्षकांमधील इलेक्ट्रॉनांची वाटणी बदलते आणि स्पिन व कक्षीय गती यांच्या परस्परसंबंधामुळे चुंबकीकरणाची दिशापसंतीही बदलते. २००७ मध्ये लोह-प्लॅटिनम आणि लोह-पॅलेडियम यांच्या पातळ पटलांवर, द्रवरूप विद्युतअपघट्याच्या साहाय्याने, असा परिणाम दाखवला गेला. २००९ मध्ये जपानमधील संशोधकांनी लोह आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांच्या घन रचनेत तो दाखवला आणि चिपवर बसू शकेल अशा रूपात तो हाती आला. पुढे २०१२ पर्यंत मायक्रोवेव्ह व्होल्टेजने चुंबकीकरणाचे संस्पंदन (रेझोनन्स) घडवून आणण्यापर्यंत मजल गेली.

हा परिणाम किती मोठा असतो, ते आकड्यांत पाहणे बरे. अशा रचनांसाठी प्रति व्होल्ट-मीटर ५० फेम्टोज्यूल हा गुणांक सर्वसाधारण मानता येईल. १.५ नॅनोमीटर ऑक्साइडवर १ व्होल्ट लावले आणि चुंबकीय पटल १ नॅनोमीटर जाडीचे असले, तर अनिसोट्रॉपीत पडणारा फरक सुमारे ६५ मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्राइतका भरतो. एका टेस्लाला सुमारे २८ गिगाहर्ट्झ हे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे प्रमाण धरले, तर कंप्रतेतील बदल पावणेदोन ते दोन गिगाहर्ट्झच्या घरात जातो. चिपवर तारेच्या प्रवाहाने इतके क्षेत्र निर्माण करायचे म्हटले, तर तार चांगलीच तापेल.

दुसरा मार्ग ताणाचा आहे. दाबविद्युत पदार्थावर चुंबकीय पटल बसवायचे; व्होल्टेजने खालचा पदार्थ आकुंचन-प्रसरण पावतो, वरच्या पटलावर ताण येतो आणि त्यामुळे त्याची दिशापसंती बदलते. तिसऱ्या प्रकारात विद्युत आणि चुंबकीय गुण एकाच स्फटिकात जोडलेले असतात. क्रोमियम ऑक्साइडमध्ये असा संबंध असावा, असे भाकीत झ्यालोशिन्स्की यांनी १९५९ मध्ये केले आणि पुढच्याच वर्षी आस्त्रोव्ह यांनी तो मोजून दाखवला.

“स्तरित पदार्थ” म्हणजे कोणते?

दोन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव दिले जाते आणि त्यामुळे वाचकांचा पुष्कळ गोंधळ होतो. एक म्हणजे माणसाने निर्वात कक्षात एकावर एक चढवलेली पटले: टँटलम, त्यावर कोबाल्ट-लोह-बोरॉन, त्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड, त्यावर धातूचा गेट. दुसरी म्हणजे निसर्गतःच पदरांचे बनलेले स्फटिक, ज्यांचे पदर एकमेकांना दुर्बळ व्हॅन डर वाल्स बलाने धरून असतात आणि म्हणून चिकटपट्टीने सोलून काढता येतात. २००४ मध्ये ग्रॅफीन असेच सोलून काढले गेले.

सोललेल्या एकाच पदरात चुंबकत्व टिकेल का, ही शंका मात्र पुढे बरीच वर्षे होती. १९६६ मध्ये मर्मिन आणि वॅग्नर यांनी सिद्ध केले होते की, जर स्पिनला कोणतीही दिशा विशेष प्रिय नसेल, तर द्विमितीय पदार्थात शून्याहून अधिक तापमानाला दीर्घ पल्ल्याची चुंबकीय शिस्त टिकू शकत नाही, कारण अत्यल्प ऊर्जेचे असंख्य स्पिन तरंग उष्णतेमुळेच उठतात आणि ती शिस्त मोडून टाकतात. दिशापसंती असेल, तर मात्र तरंग उठवण्यासाठी किमान काही ऊर्जा मोजावी लागते आणि शिस्त वाचते. २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच पदर सुमारे ४५ केल्विनपर्यंत लोहचुंबकीय राहतो, असे आढळले. त्याच वर्षी क्रोमियम, जर्मेनियम आणि टेल्युरियम यांच्या संयुगाच्या अत्यंत पातळ पापुद्र्यांतही चुंबकत्व दिसले. ज्या तरंगांनी द्विमितीय चुंबकत्व अशक्य ठरवले होते, त्यांनाच आता अशा पदरांत मुद्दाम उठवण्याचा प्रयत्न चालू आहे, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

सोललेल्या पदरांत व्होल्टेजचा परिणाम अधिक का होतो?

धातूत विद्युत क्षेत्र शिरत नाही. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन त्याला अणूच्या एखाद्या थरातच अडवतात. म्हणून कोबाल्ट-लोह-बोरॉनचे पटल जाड केले की व्होल्टेजचा प्रभाव नगण्य होतो. क्रोमियम ट्रायआयोडाइड मात्र अर्धवाहक आहे आणि त्याचे दोनच पदर घेतले, तर विद्युत क्षेत्र दोन्ही पदरांपर्यंत पोहोचते. त्यातही सममितीची एक सोय आहे. या दुपदरी पापुद्र्यात बाह्य क्षेत्र नसताना वरच्या पदराचे चुंबकत्व एका दिशेला आणि खालच्याचे उलट दिशेला असते. अशा मांडणीत लंब दिशेचे विद्युत क्षेत्र लावले की, दोन पदरांतील समतोल ढळतो आणि निव्वळ चुंबकत्व उत्पन्न होते. २०१८ मध्ये व्होल्टेजच्या साहाय्याने या दोन पदरांची मांडणी बदलून दाखवली गेली. २०२० मध्ये याच दुपदरी पदार्थातील उच्च कंप्रतेचे स्पिन तरंग मोजले गेले आणि गेट व्होल्टेजने त्यांची कंप्रता काही दशक गिगाहर्ट्झनी सरकवता येते, असे दिसले.

म्हणजे तेथे व्होल्टेजने तरंग निर्माण केले, असेच ना?

नाही, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचा भेद हाच आहे. त्या २०२० च्या प्रयोगात तरंग उठवले होते लेझरच्या अतिअल्प स्पंदांनी. व्होल्टेजने त्यांची कंप्रता बदलली. तरंग निर्माण करणे, त्याची कंप्रता जुळवणे आणि आलेला तरंग ओळखणे ही तीन वेगळी कामे आहेत. बातम्यांत आणि कधीकधी संशोधनपर लेखांच्या मथळ्यांतही तिन्हींसाठी “व्होल्टेजने नियंत्रित” असे एकच विशेषण वापरले जाते. स्थिर व्होल्टेजने कंप्रता सरकवणे तुलनेने सोपे आहे. निर्मितीसाठी व्होल्टेज स्वतः गिगाहर्ट्झ कंप्रतेने बदलावे लागते आणि ते चुंबकीकरणावर योग्य दिशेने बलआघूर्ण लावू शकले पाहिजे. कोणताही दावा वाचताना, तरंगाला ऊर्जा नेमकी कोठून मिळाली, हा प्रश्न प्रथम विचारावा, असे आमचे मत आहे.

मग व्होल्टेजने खरोखर निर्मिती करण्यात अडचण काय आहे?

अडचण कोनाची आहे. दिशापसंती बदलल्याने चुंबकीकरणावर येणारे बलआघूर्ण हे चुंबकीकरण आणि पटलाचा लंब यांच्यामधील कोनाच्या दुपटीच्या साइनशी समप्रमाणात असते. चुंबकीकरण पटलाला अगदी लंब असेल किंवा अगदी पटलाच्या प्रतलात असेल, तर हे बलआघूर्ण शून्य होते आणि व्होल्टेज कितीही हलवले तरी काहीच घडत नाही. ४५ अंशांना ते सर्वाधिक असते. व्यवहारात चुंबकीकरण बहुधा या दोन टोकांपैकी एकावरच स्थिरावते. म्हणून एकतर बाहेरून तिरपे चुंबकीय क्षेत्र लावून त्याला कलते ठेवावे लागते किंवा दुसरा मार्ग धरावा लागतो.

तो दुसरा मार्ग पॅरामेट्रिक उत्तेजनाचा. झोपाळ्यावर उभे असलेले मूल, कोणीही ढकलत नसताना, प्रत्येक हेलकाव्यात दोनदा गुडघे वाकवून आणि सरळ करून झोका वाढवत नेते. तसेच येथे चुंबकीकरण पटलाच्या प्रतलात ठेवून व्होल्टेज तरंगाच्या दुप्पट कंप्रतेने बदलले जाते. ६ गिगाहर्ट्झचा तरंग हवा असेल, तर व्होल्टेज १२ गिगाहर्ट्झचे. प्रत्येक फेऱ्यात दिशापसंती दोनदा बदलल्याने उष्णतेमुळे आधीच असलेली सूक्ष्म थरथर वाढत जाते. येथे एक उंबरठा असतो. अवमंदनामुळे, म्हणजे तरंग आपोआप विझत जाण्यामुळे, जेवढी ऊर्जा जाते तिच्याहून अधिक व्होल्टेजकडून मिळेपर्यंत काही दिसत नाही आणि उंबरठा ओलांडताच तरंग झपाट्याने वाढतो. हा उंबरठा मोजता येतो, आणि यंत्रणेची खूण म्हणून तो फार उपयोगी आहे.

तरंगलांबी कशावर ठरते?

कंप्रता, पदार्थ, बाह्य क्षेत्र आणि गेटची रुंदी यांवर. गेटची पट्टी तरंगलांबीपेक्षा बरीच अरुंद असावी. पट्टीची रुंदी एका पूर्ण तरंगलांबीएवढी झाली की, एका अर्ध्या भागाने दिलेला रेटा दुसऱ्या अर्ध्या भागाने दिलेला रेटा खोडून काढतो. लहान तरंगलांबीसाठी म्हणूनच कंगव्याच्या दातांसारखे अनेक गेट ओळीने बसवले जातात.

तरंग किती अंतर जातो?

येथे एक पेच आहे आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. व्होल्टेजचा प्रभाव पडावा म्हणून धातूचे पटल सुमारे १ नॅनोमीटर इतके पातळ घ्यावे लागते. परंतु दीर्घ तरंगलांबीच्या स्पिन तरंगांचा वेग पटलाच्या जाडीबरोबर वाढतो, म्हणजे पातळ पटलात तो रेंगाळतो. त्यात धातूंचे अवमंदन अधिक. अवमंदनाचा गुणांक ०.००५ आणि कंप्रता १० गिगाहर्ट्झ धरली, तर तरंगाचे आयुष्य सुमारे ३ नॅनोसेकंद येते; वेग सेकंदाला १ किलोमीटर मानला, तरीही तो ३ मायक्रोमीटर जाऊन विझतो आणि अतिपातळ पटलात प्रत्यक्ष वेग याहूनही कमी असू शकतो. याउलट १९५६ मध्ये शोधल्या गेलेल्या यिट्रियम आयर्न गार्नेट या चुंबकीय ऑक्साइडमध्ये अवमंदन इतके कमी आहे की, तरंग कित्येक मिलिमीटर सहज जातो. पण त्यात सीमेवरच्या व्होल्टेजचा परिणाम नाममात्र असतो.

यातून बाहेर पडण्याचे मार्ग तीन दिसतात: फार लहान तरंगलांबी वापरायची, कारण तेथे शेजारी स्पिनांमधील विनिमय बलामुळे वेग पुन्हा वाढतो; निर्मितीसाठी एक पदार्थ आणि वहनासाठी दुसरा असे दोघांना चिकटवायचे; किंवा वाटेत ठिकठिकाणी गेट ठेवून पॅरामेट्रिक पद्धतीने तरंगाला पुन्हा बळ द्यायचे. तिसरा मार्ग आम्हाला सर्वाधिक आशादायक वाटतो, कारण त्यात व्होल्टेजची स्थानबद्धता खऱ्या अर्थाने कामी येते.

ही उपकरणे इंदूरच्या उन्हाळ्यात चालतील का?

धातूंची पटले चालतील. सोललेल्या स्फटिकांचे तसे नाही. मे महिन्यातील ४२ अंश सेल्सिअस म्हणजे ३१५ केल्विन, आणि एकपदरी क्रोमियम ट्रायआयोडाइड ४५ केल्विनलाच आपले चुंबकत्व गमावते. द्रव नायट्रोजनही ७७ केल्विनचा असल्याने त्याला हेलियमचीच थंडी लागते. शिवाय ते दमट हवेत लवकर खराब होते, त्यामुळे बंद कक्षात सोलून षट्कोनी बोरॉन नायट्राइडच्या पापुद्र्यांमध्ये झाकावे लागते. क्रोमियम, गंधक आणि ब्रोमीन यांचे संयुग हवेत बऱ्यापैकी टिकते आणि १३२ केल्विनपर्यंत आपली चुंबकीय मांडणी राखते. लोह, गॅलियम आणि टेल्युरियम यांचे २०२२ मध्ये पुढे आलेले एक स्तरित संयुग खोलीच्या तापमानाहून वरही लोहचुंबकीय राहते. मात्र ते धातूसारखे वाहक असल्याने विद्युत क्षेत्र आत न शिरण्याची जुनी अडचण तेथे परत येते.

परिणाम व्होल्टेजचाच आहे, प्रवाहाचा नाही, हे कसे ओळखतात?

प्रयोगातील खरी कसोटी हीच आहे. गेट भरताना वाहणारा प्रवाहही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, निरोधकातून थोडी गळती होतेच आणि तापल्यानेही दिशापसंती बदलते. म्हणून चुंबकीकरणाचा कोन फिरवत जाऊन संदेश कसा बदलतो ते पाहतात: व्होल्टेजचा परिणाम आणि प्रवाहाच्या क्षेत्राचा परिणाम कोनाबरोबर वेगवेगळ्या रीतीने बदलतात. ऑक्साइडची जाडी वाढवून पाहिल्यावर परिणाम विद्युत क्षेत्राच्या प्रमाणात घटतो का, हेही तपासतात. तरंग पाहण्यासाठी परावर्तित प्रकाशाची बदललेली कंप्रता मोजणारे ब्रिलुआँ प्रकीर्णन, चुंबकत्वामुळे प्रकाशाच्या ध्रुवणात पडणारा फरक क्षणोक्षणी टिपणारा कालविभेदी केर परिणाम किंवा सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र जाणणारे हिऱ्यातील दोष, म्हणजे नायट्रोजन-रिक्तिका केंद्रे, वापरली जातात.

याचा उपयोग कोठे होईल?

मायक्रोवेव्ह मापनयंत्रांत यिट्रियम आयर्न गार्नेटचे गाळक आणि दोलक आजही वापरात आहेत. त्यांची कंप्रता विद्युतचुंबकाच्या वेटोळ्यातील प्रवाहाने जुळवली जाते आणि त्यामुळे ते जड आणि खादाड असतात. तेथे व्होल्टेज आल्यास लाभ उघड आहे. तरंगांच्या कलेवर (फेजवर) आधारित तर्कद्वारे (लॉजिक गेट), ज्यात तीन तरंग एकत्र येऊन बहुमताने उत्तर ठरते, प्रयोगशाळेत दाखवली गेली आहेत. तरंगांवर चालणारा संगणक लवकरच घरोघरी येईल, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

इंदुरात राहून या विषयाकडे कसे वळता येईल?

शहरात या विषयाच्या आसपासच्या सुविधा चांगल्या आहेत. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र किरणे देणारी यंत्रे, आहेत आणि मृदू क्ष-किरणांच्या शोषणावरून पदार्थातील मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉनीय स्थिती तेथे तपासता येते. खंडवा रोडवरील विद्यापीठाच्या परिसरातील यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघाच्या केंद्रात कमी तापमानाची आणि चुंबकीय मापनाची साधने देशभरातील विद्यापीठांच्या संशोधकांसाठी आहेत. सिमरोलला आयआयटी आहे आणि पदवीसाठी १८९१ पासूनचे होळकर विज्ञान महाविद्यालय आहेच.

प्रयोगशाळेत प्रवेश मिळेपर्यंत संगणकावर बरेच काही करता येते. ऊम्फ आणि म्यूमॅक्स ही सूक्ष्मचुंबकीय गणनेची साधने विनामूल्य आहेत. दुसऱ्याला एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते. १ नॅनोमीटर जाडीची लांब पट्टी घ्यावी, चुंबकीकरण प्रतलात ठेवावे आणि मधल्या ५० नॅनोमीटर भागातील लंब अनिसोट्रॉपी साइन वक्राप्रमाणे बदलावी. संस्पंदनाच्या कंप्रतेला पट्टी शांत राहील. कंप्रता दुप्पट करून आयाम हळूहळू वाढवत गेल्यास एका ठिकाणी तरंग एकदम उसळतो. तापमान शून्य ठेवले असेल, तर दुप्पट कंप्रतेलाही काही होणार नाही, कारण वाढवायला सुरुवातीची थरथरच नसते. म्हणून थोडे तापमान द्यावे किंवा आरंभीचे चुंबकीकरण किंचित विस्कटून घ्यावे. त्यानंतर क्षेत्र तिरपे करून तीच गणना पुन्हा करावी आणि दुप्पट न केलेल्या कंप्रतेलाच, कोणत्याही उंबरठ्याविना, तरंग निघतो का ते पाहावे.